संकटात थोर नेत्याची वाट पाहायची का? 1991 चा हिशेब

ताळेबंद:

देशावर संकट आलं की आपल्याकडे पहिली मागणी माणसाची होते. 'आज कोणीतरी खमका हवा होता.' टपरीपासून अग्रलेखापर्यंत हेच. आणि दाखला म्हणून हमखास 1991 पुढे केलं जातं: देश दिवाळखोरीच्या दारात उभा होता, नरसिंह राव आणि मनमोहन सिंग आले, देश वाचला. मला हा दाखला उलट्या बाजूनं बोलतो असं वाटतं. त्या वर्षी आपल्याला तारलं ते आधीपासून लिहून ठेवलेल्या कागदांनी. नेत्याची वाट बघण्यात मात्र आपण सहा-सात महिने घालवले आणि त्याची भरपाई सोनं गहाण टाकून केली.

आधी संकट काय होतं ते बघू. 2 ऑगस्ट 1990 ला इराकनं कुवेत घेतलं. तेल भडकलं. कुवेतमधून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय परत आणावे लागले, त्यांनी घरी पाठवायचा पैसा आटला. पण आखातातलं युद्ध हे निमित्त. दुखणं जुनं होतं. ऐंशीच्या दशकात सरकारचा खर्च उत्पन्नाच्या पुढे धावत होता आणि 1990-91 मध्ये केंद्राची वित्तीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या 8 टक्क्यांवर गेली होती. बाहेरची तूट भरायला अल्प मुदतीची कर्जं आणि अनिवासी भारतीयांच्या ठेवी वापरल्या जात होत्या. हा पैसा चांगल्या दिवसांत येतो आणि वाईट दिवसांत सगळ्यांत आधी निघून जातो. ऑक्टोबर 1990 पासून परदेशी पतमापन संस्थांनी आपली पत उतरवायला सुरुवात केली. एप्रिल ते जून 1991 या तीन महिन्यांत अनिवासींच्या ठेवींतून सुमारे 95 कोटी डॉलर बाहेर गेले.

12 जुलै 1991 ला परकीय चलनाची शिल्लक 97.5 कोटी डॉलर होती. वर्षाची आयात साधारण 2,400 कोटी डॉलरची, म्हणजे आठवड्याला 46 कोटी. भागाकार केला की जेमतेम दोन आठवडे येतात.

आता तारखा बघा. नोव्हेंबर 1990 मध्ये वि. प्र. सिंग यांचं सरकार पडलं, चंद्रशेखर आले. जानेवारीत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून सुमारे 180 कोटी डॉलर मिळाले. पुढचा पैसा हवा तर तूट कमी करणारा अर्थसंकल्प दाखवायला हवा होता. अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांना तो मांडता आला नाही, कारण बाहेरून पाठिंबा देणाऱ्या काँग्रेसनं तो मांडू दिला नाही. 4 मार्चला लेखानुदानावर, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चाच्या तात्पुरत्या मंजुरीवर, भागवलं. 6 मार्चला पंतप्रधानांचा राजीनामा. मग निवडणूक, 21 मे रोजी राजीव गांधींची हत्या, आणि 21 जूनला नवं सरकार.

या सगळ्या काळात उपाय कोणाला माहीत नव्हता असं अजिबात नाही. 1990 मध्येच पंतप्रधान कार्यालयात माँटेकसिंग अहलुवालिया यांनी सुधारणांचं सविस्तर टिपण केलं होतं. उद्योग खात्यात परवाने कमी करण्याचा मसुदा वि. प्र. सिंग यांच्या काळापासून पडून होता. रुपया अवाजवी महाग ठेवला गेला आहे हे रिझर्व्ह बँकेला माहीत होतं. जुलै 1991 मध्ये पाच आठवड्यांत जे झालं ते पाच आठवड्यांत लिहिलेलं नव्हतं. म्हणून म्हणतो, आशा धरायची तर असे मसुदे करणाऱ्या यंत्रणेची धरावी. असामान्य नेता हा योगायोग आहे आणि योगायोगावर देशाचं अंदाजपत्रक उभं करता येत नाही.

सातपुडा:

ताळेबंद, तुमच्या तारखा बरोबर आहेत. त्यांच्यावरूनच तुमचा निष्कर्ष मोडतो. मसुदा 1990 मध्ये तयार होता ना? मग 1990 मध्ये तो अमलात का आला नाही? तेच सचिव, तीच रिझर्व्ह बँक, तेच आकडे. फरक एवढाच की जबाबदारी आपल्या अंगावर घेणारं कोणी नव्हतं.

राव यांनी काय केलं ते नीट बघायला हवं, कारण ते ठसठशीत दिसत नाही. ते 1991 ची निवडणूक लढलेही नव्हते. त्याआधी 1984 आणि 1989 ला आपल्या रामटेकमधून निवडून गेले होते, या वेळी बाजूला झाले होते. लोकसभेत बहुमत नाही, पक्षात स्वतःचा गट नाही. अशा माणसानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे अर्थ खातं राजकारण्याला दिलं नाही. आधी रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आय. जी. पटेल यांना विचारलं, त्यांनी नकार दिल्यावर मनमोहन सिंग. त्यातून नाणेनिधीला आणि परदेशी बँकांना जो निरोप जायचा तो गेला. दुसरी गोष्ट, उद्योग खातं स्वतःकडे ठेवलं. परवाना राज, म्हणजे कारखाना काढायला सरकारी परवाना लागण्याची पद्धत, मोडायचं तर ज्याच्या खात्याचं वजन कमी होणार तो मंत्री आडवा येणार हे उघड होतं. खातंच स्वतःचं असलं की तो अडसर राहत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. नव्या औद्योगिक धोरणाचा मसुदा मंत्रिमंडळात गेला तेव्हा ज्येष्ठ मंत्री बिथरले. नेहरूंचं सगळं मोडीत काढताय, असा सूर होता. राव यांनी वाद घातला नाही. मसुद्याची सुरुवात नव्यानं लिहून घेतली, त्यात नेहरू, इंदिरा, राजीव यांच्या धोरणांशी धागा जोडला. आतली कलमं जवळपास तशीच. परवाना फक्त 18 उद्योगांना, सरकारी क्षेत्रासाठी राखीव उद्योग 17 वरून 8, 34 उद्योगांत 51 टक्क्यांपर्यंत परदेशी गुंतवणुकीला आपोआप मंजुरी, मक्तेदारी कायद्यातली मालमत्तेची मर्यादा रद्द. आणि हे 24 जुलैला सभागृहाच्या पटलावर ठेवलं, ज्या दिवशी संध्याकाळी अर्थसंकल्प होता. दुसऱ्या दिवशीच्या पानांवर अर्थसंकल्प मोठा, धोरण मागे.

हे काम कुठल्या सचिवाला जमलं असतं? कागद तयार असणं ही पहिली पायरी. तो कोणत्या दिवशी, कोणाच्या तोंडून, कोणत्या शब्दांत बाहेर काढायचा हे ज्याला कळतं त्यालाच मी नेता म्हणतो.

चलनवलन:

दोघेही जुलैवर बोलताय. त्याआधीच्या नऊ महिन्यांत रिझर्व्ह बँकेनं देश कसा ढकलत आणला ते बघितल्याशिवाय ही चर्चा हवेत राहील.

डॉलर संपत आले की दोनच मार्ग असतात. नवे आणायचे किंवा आहेत ते बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. दुसऱ्या मार्गाचं मुख्य हत्यार होतं रोख मार्जिन. आयातदार बँकेत एलसी (परदेशी विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची हमी) उघडायला गेला की मालाच्या किमतीचा ठरावीक भाग त्यानं रोख जमा करायचा. ऑक्टोबर 1990 ला हे प्रमाण 50 टक्के केलं, मार्च 1991 ला 133.33, आणि एप्रिलमध्ये 200 टक्के. म्हणजे 10 लाखांचं बेअरिंग किंवा रसायन मागवायचं तर 20 लाख रुपये बँकेत अडकवायचे. ज्याच्याकडे खेळतं भांडवल कमी, त्याचा माल तिथेच थांबला. पिंपरी, ठाणे-बेलापूर पट्ट्यासारख्या ठिकाणी अशा सुट्या भागांवर चालणारे कारखाने होते. यंत्राचा एक भाग आला नाही की सगळी ओळ उभी. 1991-92 मध्ये देशाची औद्योगिक वाढ जवळजवळ शून्यावर आली त्यामागे हेही एक कारण आहे.

हा उपाय लागू करायला नेता लागला नाही, हे ताळेबंद यांच्या बाजूनं. पण हा उपाय म्हणजे रक्तस्राव थांबवायला दोरी बांधण्यासारखा आहे. जास्त वेळ ठेवली तर अवयव जातो. यंत्रणा दोरी बांधू शकते. शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करायला निवडून आलेलं सरकार लागतं. दोरी नऊ महिने बांधून ठेवावी लागली कारण सही करणारं कोणी नव्हतं. हे सातपुडा यांच्या बाजूनं.

आता सोनं. दोन वेगळे व्यवहार आहेत आणि लोक ते नेहमी एक करतात. पहिला मे 1991 चा, म्हणजे चंद्रशेखर यांच्या काळजीवाहू सरकारच्या वेळचा: तस्करांकडून जप्त केलेलं 20 टन सोनं स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडच्या बँकेला, परत विकत घेण्याच्या अटीवर विकलं. त्यातून 20 कोटी डॉलरच्या आसपास आले. दुसरा जुलैचा: रिझर्व्ह बँकेचं स्वतःचं 46.91 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे गहाण. चार खेपांत विमानानं गेलं. मिळाले 40.5 कोटी डॉलर. कर्ज देणाऱ्यांची अट होती की सोनं प्रत्यक्ष इथून हलवून तिकडच्या तिजोरीत आलं पाहिजे. नुसती कागदावरची हमी चालणार नव्हती.

लंडनच्या बाजारातली प्रमाण वीट साधारण साडेबारा किलोची असते. त्या मापानं हे पावणेचार हजार विटांचं ओझं. फोर्टातल्या तिजोरीतून एकेक पेटी वजन करून, मोहर लावून, पहाऱ्यात सहारच्या विमानतळावर. त्या वेळच्या भावानं त्या सोन्याची किंमत 50 कोटी डॉलरच्या वर जात होती आणि हातात आले 40.5 कोटी. सराफाकडे पाटल्या ठेवल्या तरी पूर्ण किंमत मिळत नाही, देशालाही मिळाली नाही. आणि हे 40.5 कोटी म्हणजे आधीच्या हिशेबानं एका आठवड्याची आयातसुद्धा नाही.

काळी माती:

तिघांनीही नेता आणि कागद यांचं कौतुक केलं. ज्यांनी पैसे मोजले त्यांच्याबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

24 जुलैच्या अर्थसंकल्पात खताच्या किमती सरासरी 40 टक्के वाढवल्या. पेरण्या झाल्या होत्या, खताचा दुसरा हप्ता द्यायची वेळ होती. ओरड झाली, काँग्रेसचेच खासदार उठले, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला वाढ 30 टक्क्यांवर आणून अल्प आणि अत्यल्प भूधारकांना त्यातून वगळलं. कागदावर छान दिसतं. दुकानात काय होणार? एकाच पोत्याला दोन भाव. एक एकरवाल्याला जुना, दहा एकरवाल्याला नवा. दुकानदारानं ओळखायचं कसं? तलाठ्याचा दाखला, सातबारा, आठ-अ. हंगामात तलाठी सापडणार कधी आणि दाखला मिळणार कधी? ज्याच्या नावावर अडीच एकर आहे त्याच्या नावानं मोठ्या शेतकऱ्यानं पोती उचलायची, ही पळवाट तर ठरावातच ठेवलेली होती. आणि जो दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसतो त्याच्याकडे सातबाराच नाही, म्हणजे सवलतही नाही.

याहून मोठी चूक पुढच्या वर्षी झाली. 25 ऑगस्ट 1992 ला स्फुरद आणि पालाश खतांच्या किमतींवरचं नियंत्रण काढलं. डीएपी (स्फुरदाचं खत) आणि पोटॅश (पालाशाचं खत) यांचे भाव एकदम चढले. युरिया मात्र नियंत्रणात राहिला, उलट त्याची किंमत 10 टक्क्यांनी उतरवली. शेतकऱ्यानं कोणीही केलं असतं तेच केलं, स्वस्त पोतं उचललं. देशात नत्र, स्फुरद, पालाश वापराचं प्रमाण 1991-92 मध्ये साधारण 5.9 : 2.4 : 1 होतं, ते एका वर्षात 9.5 : 3.2 : 1 झालं. आदर्श म्हणून 4 : 2 : 1 सांगितलं जातं. नुसत्या युरियानं पीक हिरवंगार दिसतं, पण खोड लुसलुशीत राहतं, मावा-तुडतुडे लवकर येतात, पीक लोळतं, दाणा भरत नाही. जमिनीतला पालाश दरवर्षी उपसला जातो आणि परत टाकला जात नाही. ही सवय आजही सुटलेली नाही.

मला विचाराल तर 1991 ला नेतृत्व होतं, पण ते दिल्लीच्या आणि वॉशिंग्टनच्या टेबलापुरतं. गावातल्या दुकानाच्या फळीपर्यंत निर्णय पोचल्यावर त्याचं काय होईल हे विचारणारा माणूस त्या खोलीत नव्हता.

ताळेबंद:

काळी माती, हे लिहिलंत ते फार बरं झालं. युरियाचा मुद्दा माझ्या म्हणण्याला बळकटी देतो असं मी म्हणणार होतो, पण प्रामाणिकपणे तसं नाही. तो निर्णय संयुक्त संसदीय समितीच्या शिफारशीवरून आला होता. म्हणजे यंत्रणा होती, अभ्यास होता, तरी चुकलं. तीन खतांपैकी दोन मोकळी करायची आणि तिसरं बांधून ठेवायचं, याचा परिणाम काय होईल हे कृषी विद्यापीठातल्या कुठल्याही माणसानं सांगितलं असतं. युरियाला हात लावायची राजकीय हिंमत नव्हती म्हणून अर्धा निर्णय झाला.

सातपुडा यांना मात्र एक आठवण करून देतो. रुपयाचं अवमूल्यन दोन टप्प्यांत झालं. 1 जुलैला सुमारे 9 टक्के, 3 जुलैला सुमारे 11 टक्के. डॉलर 21 रुपयांवरून 26 च्या जवळ गेला. पहिल्या टप्प्यानंतर टीका सुरू झाली आणि राव डगमगले. 3 तारखेच्या सकाळी त्यांनी अर्थमंत्र्यांना दुसरा टप्पा थांबवायला सांगितलं. मनमोहन सिंग यांनी रिझर्व्ह बँकेत डेप्युटी गव्हर्नर रंगराजन यांना फोन केला. रंगराजन यांचं उत्तर होतं की नवा दर जाहीर होऊन गेला आहे.

त्या सकाळी नेत्याचं ऐकलं गेलं असतं तर काय झालं असतं? अवमूल्यन अर्ध्यावर थांबलं की बाजाराला कळतं की उरलेलं अर्धं कधीतरी होणारच. मग निर्यातदार आपले डॉलर बाहेरच ठेवतो, कारण पंधरा दिवसांनी त्याला जास्त रुपये मिळणार असतात. आयातदार उलट घाईनं डॉलर उचलतो. दोन्ही बाजूंनी शिल्लक रिकामी होते. 12 जुलैला 97.5 कोटी उरले होते ते किती उरले असते याचा अंदाज करा. त्या दिवशी देशाचं नुकसान टळलं ते बँकेतला माणूस ठरल्या वेळी ठरलेलं काम करून मोकळा झाला होता म्हणून.

सातपुडा:

राव डगमगले, मान्य. पण त्यानंतर काय केलं? मागे फिरले नाहीत. दुसऱ्याच दिवशी, 4 जुलैला, व्यापार धोरण आलं. निर्यातदारांचं रोख अनुदान बंद आणि त्याऐवजी निर्यात मूल्याच्या 30 टक्के इतका आयात हक्क. 100 रुपयांचा माल बाहेर गेला की 30 रुपयांची आयात करायची चिठ्ठी हातात, आणि ती बाजारात विकताही येते. सरकारचा पैसा वाचला, आयात निर्यातीला बांधली गेली. अर्थमंत्र्यांवर पक्षात चौफेर टीका होत असताना राव यांनी त्यांना बळीचा बकरा केलं नाही. 15 जुलैच्या विश्वासमताला विरोधकांतला मोठा गट तटस्थ राहील याची तजवीजही त्यांचीच.

ऑक्टोबरमध्ये नाणेनिधीचं सुमारे 220 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं. त्याच महिन्यात निघालेल्या इंडिया डेव्हलपमेंट बाँडमध्ये अनिवासींनी 160 कोटी डॉलर टाकले. सहा महिन्यांपूर्वी हेच लोक ठेवी काढून नेत होते! आकडेवारी तीच, देश तोच. बदलला तो विश्वास, आणि विश्वास मसुद्यावर बसत नाही, माणसांवर बसतो.

सह्याद्रीकर:

मला इथे 1962 चं चीन युद्ध आठवतं. पंतप्रधान नेहरू. थोर नेता या शब्दाला त्या पिढीत दुसरं नाव नव्हतं. आणि त्याच थोरपणाच्या छायेत काय झालं? रसद पोचेल की नाही हे न बघता उंच डोंगरांवर चौक्या टाकल्या. नामका चू नदीच्या काठी जवान उन्हाळी सुती गणवेशात, हातात जुन्या पॉइंट 303 रायफली. सैन्याच्या चौथ्या कोअरचे प्रमुख आजारी पडून दिल्लीत, आणि हुकूम तिथून. खालून प्रश्न वर जाईनात, कारण वर बसलेला माणूस चुकणार नाही असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. नेता जितका मोठा, तितकं त्याला 'नाही' म्हणणं अवघड. संकटात थोर नेता हवा म्हणणाऱ्यांनी हा धोका आधी मोजावा.

मग संरक्षण मंत्री कृष्ण मेनन गेले आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. त्यांनी 21 नोव्हेंबर 1962 ला शपथ घेतली, चीननं युद्धबंदी जाहीर केली तो हाच दिवस. म्हणजे लढाईत पराक्रम गाजवायला काही उरलंच नव्हतं. उरली होती दुरुस्ती. रोज सकाळी तिन्ही दलांचे प्रमुख आणि संरक्षण सचिव यांची एका टेबलावर बैठक. बढत्या-बदल्यांत मंत्र्यानं नाक खुपसायचं नाही. पराभवाची चौकशी. आणि पाच वर्षांची योजना: सैन्यबळ 8 लाख 25 हजार, 10 पर्वतीय डिव्हिजन, हवाई दलाची 45 स्क्वाड्रन.

याचं फळ 1 सप्टेंबर 1965 ला दिसलं. जम्मूतल्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे शिरले, दुपारी हवाई दलाची मदत मागितली गेली, चव्हाणांनी बैठकीतच परवानगी दिली आणि त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. 1962 ला लढाऊ विमानं वापरलीच गेली नव्हती. मला हे नेतृत्व हवं आहे. भाषणात न दिसणारं, रोज सकाळच्या बैठकीत दिसणारं.

चलनवलन:

सह्याद्रीकर, एक भर. चव्हाणांना हे करता आलं कारण संरक्षणावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात जवळपास दुप्पट झाला. तो देण्याची तयारी पराभवानंतर संसदेत आली. तेच चव्हाण 1961 ला संरक्षण मंत्री असते तर एवढा पैसा मिळाला असता का, शंका आहे. संकट हेही एक साधन असतं आणि त्याची मुदत फार थोडी असते.

पूर्वा:

नरसिंह रावांना थोर ठरवून धागा संपू नये म्हणून लिहिते. हेच राव 6 डिसेंबर 1992 ला, अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा, पंतप्रधान होते.

नोव्हेंबर 1992 मध्ये राष्ट्रीय एकात्मता परिषदेनं त्यांना योग्य ती पावलं उचलायला पाठिंबा दिला होता. केंद्रीय दलाच्या तुकड्या अयोध्येजवळ नेऊन ठेवल्या होत्या. पण त्या वापरायच्या तर राज्य सरकारनं बोलवायला हवं, नाहीतर कलम 356 लावून राज्य हातात घ्यायला हवं. राज्य सरकारनं सर्वोच्च न्यायालयात वास्तूच्या रक्षणाची हमी दिली होती. राव त्या हमीवर थांबले. दुपारपर्यंत घुमट पडू लागले आणि राष्ट्रपती राजवट संध्याकाळनंतर आली. मुंबईनं त्याची किंमत डिसेंबर आणि जानेवारी अशी दोन वेळा दंगलींत मोजली. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे 900 माणसं मेली.

सातपुडा, ज्या गुणांचं तुम्ही कौतुक केलंत, वाद न घालणं, योग्य दिवसाची वाट पाहणं, शब्दांची मांडणी बदलून सगळ्यांना सांभाळून घेणं, तेच गुण इथे घातक ठरले. औद्योगिक धोरणाला चार दिवस उशीर झाला तर आकाश कोसळत नाही. अयोध्येत चार तासांचा उशीर पुरला. त्यामुळे 'थोर नेता' असा माणसाचा कायमचा ठेवा नसतो. एका जातीच्या संकटाला एका स्वभावाचा माणूस जुळतो, दुसऱ्या संकटाला जुळत नाही. आणि संकट कोणत्या जातीचं येणार हे मतदान करताना कोणाला माहीत असतं?

सातपुडा:

पूर्वा, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि बचावही करणार नाही. एवढंच म्हणतो की 1992 चं अपयश नेत्याचं मानायचं तर 1991 चं यशही नेत्याचं मानावं लागेल. अयोध्येतही कागद तयार होते, दलं तयार होती, कलम तयार होतं. सही झाली नाही. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूला पडतं, मनाला कितीही लागलं तरी.

ताळेबंद:

हे मला मान्य करावं लागतं. मी सुरुवातीला यंत्रणा पुरेशी आहे अशा थाटात लिहिलं, ते मागे घेतो. यंत्रणेचा कागद आणि त्यावरची सही, दोन्ही लागतात.

पण वाट पाहण्याबद्दलचा मुद्दा सोडत नाही. नेता कधी येईल हे आपल्या हातात नाही. कागद तयार ठेवणं आहे. आणि तेसुद्धा संकट नसताना, जेव्हा त्यात कोणाला रस नसतो. 1991 च्या धड्यानंतर रिझर्व्ह बँकेनं परकीय चलनाची गंगाजळी हळूहळू वाढवत नेली. 2009 मध्ये नाणेनिधीकडून 200 टन सोनं विकत घेतलं. 2023-24 मध्ये इंग्लंडमध्ये ठेवलेलं सुमारे 100 टन सोनं देशात आणून ठेवलं. यातल्या एकाही कामासाठी कोणी मिरवणूक काढली नाही.

काळी माती:

तयार ठेवायच्या कागदांत एक पान माझंही घाला. पुढच्या वेळी खताची किंवा गॅसची किंमत वाढवायचा निर्णय झाला तर तो जाहीर करायच्या आधी एका तालुक्यातल्या चार दुकानांत दोन आठवडे चालवून बघायचा. पोतं कोण उचलतो, दाखला कोणाकडे नाही, वाट्यानं कसणाऱ्याचं काय होतं, याची नोंद तलाठ्याकडून नको, दुकानदाराच्या पावतीपुस्तकावरून घ्यायची. दोन आठवडे नसतील तर चार दिवस. 1991 ला तेही नव्हते असं कोणी म्हणेल, पण जो मसुदा वर्षभर पडून होता त्याला चार दिवस नव्हते हे मला पटत नाही.

चलनवलन:

किमतीच्या बाबतीत चार दिवसांची चाचणी अवघड आहे. बातमी फुटली की साठेबाजी सुरू. अवमूल्यन म्हणूनच गुपचूप केलं. पण पात्रतेची चाचणी आधी करता येते, किंमत न सांगता. कोणाकडे कोणता दाखला आहे एवढंच तपासायचं. त्याला गुप्तता लागत नाही.

काळी माती:

चालेल. पात्रतेपासून सुरुवात करा. वाटेकऱ्यांची यादी आजही कुठल्या तलाठी सज्जात पूर्ण मिळणार नाही.